थर्मोस्टॅट काढून टाकू नका

गाडी तापते म्हणून माझ्याकडे आलेला ड्रायव्हर बहुतेक वेळा उपायही स्वतःच सांगतो: "थर्मोस्टॅट काढून टाका, कटकट मिटेल." मी काढत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याला) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. बहुतेक ट्रकच्या डिझेल इंजिनांत तो ८२ अंश सेल्सियसच्या आसपास उघडायला लागतो आणि पंचाण्णवच्या सुमारास पूर्ण उघडतो. इंजिन चालायचं ते याच पट्ट्यात. थर्मोस्टॅट काढला तर हलक्या लोडवर तापमानाचा काटा सत्तरच्या वर जात नाही आणि ड्रायव्हर खूश होतो. पण थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही. उरलेलं लायनरवरून (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीवरून) ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर उलटंच घडतं: बायपासची वाट उघडी राहते, बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतं आणि चढावर गाडी आणखी तापते.

त्यापेक्षा आपल्या गाडीचा काटा ओळखा. लोड भरलेला, रस्ता सपाट, इंजिन नीट गरम झालेलं, अशा वेळी काटा कुठे टेकतो ते लक्षात ठेवा. लांब चढावर तो पाच-दहा अंश चढणं, फॅन मोठ्याने घोंघावणं आणि काटा परत उतरणं, यात बिघाड काही नाही. शंभरचा आकडा दिसला म्हणून पाणी उकळत नाही. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर आणि रेडिएटरवर एक बार दाबाचं झाकण असेल तर उकळायला १२० च्याही पुढे जावं लागतं. पण झाकणाचं रबर गेलं की दाब टिकत नाही आणि हा सगळा हिशोब कोसळतो. स्वस्तातला भाग म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. मी सुरुवात तिथूनच करतो. अर्थात इंजिनची कमाल मर्यादा मॅन्युअलमध्ये दिली असेल तीच धरा.

गाडी तापते कधी, यावरून निम्मं निदान होतं. उभी असताना तापते आणि चालू लागली की उतरते, तर फॅन किंवा त्याचा क्लच (फॅन इंजिनला जोडणारा-सोडणारा भाग) बघा. लोड घेऊन चढावरच तापते, तर रेडिएटर चोंदलाय. समोरून जाळी स्वच्छ दिसते म्हणून फसू नका, कचरा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसतो. कितीही चालवली तरी गरम होत नाही, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे तापलेल्या गाडीचा काटा एकदम खाली येणं. कूलंट इतकं गेलेलं असतं की सेन्सर कोरडा पडतो आणि गेज थंड दाखवतो. हीटरमधून गार हवा येऊ लागली तर खात्रीच समजा. गाडी बाजूला घ्या आणि लगेच बंद करा.

काटा चढतोय पण कूलंट आहे, तर खालचा गिअर टाका. आरपीएम वाढला की वॉटर पंप जोरात फिरतो आणि इंजिनवरचा ताण कमी होतो. एसी बंद, हीटर पूर्ण, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता तिकडून निघते. केबिनमध्ये घाम फुटेल, फुटू द्या. तरीही लाल पट्टा गाठला तर थांबा. गरम झाकण उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) तडा जातो.

नळाचं किंवा बोअरचं पाणी तर कायमचंच बंद करा. त्याचा क्षार आत थर धरतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. वेट लायनरच्या, म्हणजे लायनरला बाहेरून कूलंट थेट लागतं अशा, इंजिनला मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट हवं. लायनर थरथरतो तेव्हा त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक बुडबुडे फुटतात आणि लोखंडाला खड्डे पाडतात. ते थांबवणारं रसायन त्या कूलंटमध्येच असतं.

कूलंटची लेव्हल सकाळी, इंजिन गार असताना बघा. बाहेर थेंबही गळत नसताना ती सारखी उतरत असेल तर डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा. ऑइल दुधाळ दिसलं किंवा इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट (हेडच्या खालचं सील) तपासायला घ्या. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत त्याचा कूलरही आतून फुटलेला असू शकतो.