आठवड्यातून चार रात्री घरचं ताट: नोकरी सांभाळून कसं जमवायचं

बाहेरचं जेवण कमी करायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्याच रविवारी बिर्याणी नाहीतर पनीरची भाजी करायला घेतात. त्यात तीन तास जातात, ओटा भांड्यांनी भरतो आणि बुधवारी पुन्हा पार्सल येतं. सुरुवात वरण, भात, एक भाजी आणि पोळी यांपासूनच करावी आणि निदान महिनाभर ताट तेच ठेवावं. रोज तेच केलं की हात बसतो. हात बसला की पाऊण तासात दोघांचं जेवण होतं, आणि घरी रांधण्याचं खरं सुख तिथून पुढे मिळायला लागतं. मीठ किती, तेल किती, तिखट किती, हे सगळं तुमच्या हातात येतं. चव बिघडली तर ती कशामुळे बिघडली हेही कळतं.

आठवड्याच्या सातही रात्रींचा हट्ट धरू नका. चार रात्री ठरवा. दोघं राहत असाल तर कामं आधीच वाटून घ्या: एकाने पोळ्या केल्या तर दुसऱ्याने भाजी चिरायची, कुकर लावायचा आणि भांडी घासायची. एकानेच राबायचं आणि दुसऱ्याने ताटावर बसायचं, अशा घरात ही सवय फार दिवस टिकत नाही, आणि टिकूही नये.

काय लागतं

तीन लिटरचा कुकर आणि त्यात बसणारी दोन भांडी, जाड बुडाची कढई, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणं, पकड, फोडणीचं छोटं कढलं, धारदार सुरी किंवा विळी. एवढ्यावर भागतं. लोखंडी कढई असेल तर आमसूल किंवा चिंच घातलेली भाजी झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढा. आंबट पदार्थ लोखंडात राहिला की काळा पडतो आणि त्याला धातूची चव येते.

मसाल्याच्या डब्यात मोहरी, जिरं, हळद, तिखट, धने-जिरे पूड आणि गोडा मसाला हवा. हिंग वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, नाहीतर सगळ्या डब्याला त्याचाच वास लागतो.

रविवारचा एक तास

आठवड्याच्या रात्री सोप्या होतात त्या या तासामुळे. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर दहा-बारा मिनिटं सतत हलवत भाजा. आच मोठी केली तर सालं करपतात, दाणा आतून कच्चा राहतो आणि कूट कडवट लागतं. गार झाल्यावर सालं काढून भरड कूट करा. गरम दाणे मिक्सरमध्ये घातले तर तेल सुटून लगदा होतो. कूट फ्रिजमध्ये ठेवा, कारण मुंबई-कोकणच्या दमट हवेत बाहेर ठेवलेलं कूट लवकर खवट होतं.

एक नारळ खवून लहान डब्यांत भरून फ्रीजरला टाका. कोथिंबीर धुऊ नका. निवडून कागदात गुंडाळून डब्यात ठेवली की पाच-सहा दिवस टिकते. एक वाटी मटकी सकाळी भिजत घाला, आठ-दहा तासांनी उपसून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात रात्रभरात मोड येतात, थंडीत पूर्ण दिवस लागतो. फडकं कोरडं पडलं तर मोड थांबतात, पाणी साचलं तर मटकीला वास येतो. मोड आले की ती फ्रिजमध्ये ठेवा, एका रात्रीची उसळ तयार.

रात्रीचा क्रम

पुढची मापं दोघांची आहेत. वाटी म्हणजे साधारण 150 मिलिलिटरची आमटीची वाटी आणि चमचा म्हणजे चहाचा छोटा चमचा.

*पहिली दहा मिनिटं: डाळ-तांदूळ आणि कणीक.* अर्धी वाटी तूरडाळ आणि पाऊण वाटी तांदूळ वेगवेगळे धुऊन घ्या. डाळीत दीड वाटी गरम पाणी घालून ठेवा. तांदळाला तेवढंच पाणी, म्हणजे तांदळाच्या दुप्पट. हे माप जुन्या कोलमचं. नवा तांदूळ किंवा इंद्रायणी, आंबेमोहर असेल तर दोन-तीन चमचे पाणी कमी करा, नाहीतर भाताचा गोळा होतो.

तोवर कणीक मळा. दोन वाट्या कणीक, पाव चमचा मीठ, एक चमचा तेल आणि साधारण पाऊण वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका, कारण प्रत्येक पीठ वेगवेगळं पाणी पितं. मळलेली कणीक बोटाने दाबली तर खड्डा सहज पडायला हवा. झाकून निदान वीस मिनिटं ठेवा. कणीक मुरली नाही तर लाटताना पोळी मागे ओढली जाते आणि भाजल्यावर चिवट होते.

*पुढची वीस मिनिटं: कुकर आणि भाजी.* डाळीत पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि तेलाचे दोन-तीन थेंब घाला. तेलामुळे फेस कमी येतो आणि शिट्टीचं भोक तुंबत नाही. कुकरच्या तळाला दीड-दोन पेले पाणी, खाली डाळीचं भांडं, वर तांदळाचं. तीन शिट्ट्या झाल्या की आच मंद करून पाच मिनिटं ठेवा आणि गॅस बंद करा. शिट्टी उचलून वाफ काढू नका. दहा मिनिटांत वाफ आपोआप जिरते आणि त्या वेळात डाळ-भात आणखी मुरतात. कडेने वाफ जात असेल तर झाकणाची रिंग सैल झाली आहे, ती बदला.

डाळ शिजली नाही अशी तक्रार सुरुवातीला बहुतेकांची असते. त्यामागची मुख्य कारणं तीन. एक म्हणजे डाळ जुनी असणं. ती अर्धा-पाऊण तास भिजवावी लागते. दुसरं, शिजायच्या आधी टोमॅटो, चिंच किंवा आमसूल घालणं. आंबटाने डाळ मऊ होत नाही, दाणा दाणाच राहतो. आंबट नेहमी डाळ घोटल्यावर घाला. तिसरं कारण बोअरचं जड पाणी. त्यातल्या क्षारांमुळे डाळ टणक राहते, तेव्हा डाळीपुरतं पिण्याचं पाणी वापरा. सोडा घालून डाळ मऊ करण्याचा उपाय सांगितला जातो, पण सोड्याने चव जाते आणि डाळीतलं बी-1 जीवनसत्त्वही नष्ट होतं.

कुकर होईपर्यंत भाजी. दोघांना पाव किलो भाजी आणि दोन चमचे तेल पुरतं. फोडणी नीट जमली की निम्मा स्वयंपाक आला असं समजा. तेल तापलं की नाही हे मोहरीचा एक दाणा टाकून पाहा. लगेच तडतडला तर बाकीची मोहरी घाला आणि ती पूर्ण फुटेपर्यंत थांबा. न फुटलेली मोहरी दाताखाली कडू लागते. मग जिरं, ते लालसर झालं की हिंग, मिरची किंवा कढीपत्ता, आणि सगळ्यात शेवटी हळद. हळद काही सेकंदांत करपते, म्हणून ती पडली रे पडली की भाजी कढईत गेली पाहिजे. चिरलेली भाजी ताटात तयार ठेवूनच तेल तापवा.

भाजीगणिक थोडे बदल असतात. भेंडी धुऊन, पूर्ण पुसून, मगच चिरायची. झाकण ठेवायचं नाही, मीठ शेवटी घालायचं. तार सुटली तर एक-दोन आमसुलं किंवा अर्ध्या लिंबाचा रस घाला. मेथी-पालक भरपूर पाण्यात बुडवून तीनदा धुवा आणि दर वेळी भाजी वर उचलून घ्या, पाणी ओतून देऊ नका, कारण माती तळाशी बसलेली असते. पालेभाजीत मीठ आळल्यावरच घाला. कच्च्या ढिगाच्या अंदाजाने घातलं तर भाजी हमखास खारट होते. कोबी, फ्लॉवर, दुधी यांना झाकणावर पाणी ठेवून वाफ द्या. खालून लागत नाही आणि भाजीत वेगळं पाणी घालावं लागत नाही.

*शेवटची पंधरा मिनिटं: पोळ्या आणि वरण.* तवा आधी मध्यम आचेवर चांगला तापू द्या. थंड तव्यावर पोळी टाकली तर ती भाजायच्या आधी वाळते आणि पापडासारखी कडक होते. लिंबापेक्षा मोठा गोळा घेऊन पुरीएवढा लाटा, आत तेलाचं बोट फिरवून घडी घाला, कडेने हलक्या हाताने लाटा. वरून बुडबुडे आले की उलटा, दुसरी बाजू भाजा, पुन्हा उलटून कडा फडक्याने दाबा. एवढ्या कणकेत सहा पोळ्या होतात. त्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. गरम पोळ्या सरळ स्टीलच्या डब्यात घातल्या तर वाफेने खालची पोळी ओली होते.

पोळ्या अजून जमत नसतील तर पहिले पंधरा दिवस पोळीभाजी केंद्रातून नुसत्या पोळ्या आणायला काही हरकत नाही. बाकीचं घरी करा.

वरणाला पहिल्या आठवड्यात फोडणीही नको. डाळ घोटून मीठ, थोडा गूळ, भातावर साजूक तूप आणि लिंबू. दुसऱ्या आठवड्यात त्याच डाळीला मोहरी-जिरं-हिंग-कढीपत्त्याची फोडणी. तिसऱ्या आठवड्यात आमटी: एक चमचा गोडा मसाला, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, वर ओलं खोबरं. आमटीला एक चांगली उकळी आल्यावर मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा, तरच मसाल्याचा कच्चेपणा जातो. तिन्ही जमलं की डाळ एकच असली तरी आठवड्यातल्या तीन रात्री तीन चवी मिळतात.

मीठ आणि पैसे

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा. वरच्या ताटात पोळी, वरण, भाजी मिळून दोघांना एक सपाट चमचा मीठ पुरतं, म्हणजे माणशी अर्धा. बाहेरच्या जेवणात हा हिशोब करताच येत नाही. सुरुवातीला घरचं अळणी वाटेल. वरून मीठ घेण्याऐवजी लिंबू, आमसूल, दाण्याचं कूट वाढवा. काही आठवड्यांत जीभ सरावते आणि मग बाहेरची भाजी खारट लागते.

पैशांचा हिशोब अंदाजाने करू नका. एका वहीत महिनाभर दोन रकाने ठेवा: बाहेरून आलेल्या प्रत्येक जेवणाचं पूर्ण बिल, त्यात पॅकिंग, पोचवण्याचा आकार आणि कर धरून, आणि दुसरीकडे किराणा, भाजी, दूध, गॅस. पहिल्या महिन्यात कुकर-कढईचा खर्च असतो, तो वेगळा लिहा. वाया गेलेली भाजीही लिहा. फ्रिजमध्ये सडलेली मेथीची जुडी घरच्या स्वयंपाकाची बचत खाऊन टाकते, म्हणून पालेभाजी आणल्यावर दोन दिवसांत ती करायचीच.

उरलेलं अन्न आणि थकलेली रात्र

उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष परत गरम केल्याने जात नाही. फ्रिजमधला भात सकाळी फोडणीला टाका. तो मोकळा असल्याने फोडणीचा भात ताज्या भातापेक्षा चांगला होतो. उरलेल्या पोळ्या कुस्करून कांदा-मिरची-हळदीची फोडणी दिली, वर दाण्याचं कूट, लिंबू आणि कोथिंबीर घातली की सकाळचा नाश्ता झाला.

ऑफिसातून उशीर झाला आणि फोन काढून पार्सल मागवावंसं वाटलं, तर त्या रात्रीसाठी पिठलं राखून ठेवा. अर्धी वाटी बेसन पाऊणएक वाटी गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडा. कोरडं पीठ कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, चार पाकळ्या ठेचलेला लसूण, एक चिरलेला कांदा, दोन मिरच्या आणि हळद. कांदा मऊ झाला की एक वाटी पाणी आणि मीठ घालून उकळी आणा, मग कालवलेलं बेसन हलवत हलवत ओता. झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं, मधे दोनदा हलवायचं. बेसनाचा कच्चा वास गेला आणि वर चकाकी आली की झालं. दुसऱ्या शेगडीवर तेवढ्यात भात होतो, आणि बाहेरचं पार्सल दारात यायच्या आधी तुमचं जेवण सुरू झालेलं असतं.