स्पॅनिशला इंग्रजीचा वळसा नको: दुसऱ्या वर्षाच्या नेहमीच्या चुका

गंगापूर रोडला माझ्याकडे रविवारी सकाळी कॉलेजची सहा-सात मुलं स्पॅनिशसाठी येतात. पहिली पातळी झालेली, दुसरी अर्धी. फेब्रुवारीतल्या एका रविवारी टेबलावर द्राक्षांचा घड होता. एकाला म्हटलं, आवडतात का, स्पॅनिशमध्ये सांग. तो थोडा वेळ पंख्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "यो गुस्तो उवास."

"आता मराठीत सांग."

"मला द्राक्षं आवडतात."

"मग 'मी द्राक्षं आवडतो' असं का नाही म्हणालास?"

सगळे हसले, तोही हसला. पण दुसऱ्या वर्षाला अडलेल्या बहुतेकांचं दुखणं या एका वाक्यात आहे. डोक्यात मराठी, ओठांवर स्पॅनिश आणि मधे उगाच इंग्रजीचा टोलनाका. कॉलेजातली पुस्तकं इंग्रजीतून समजावतात, म्हणून मुलंही इंग्रजीतूनच विचार करतात. खरं तर इथे मराठी जास्त जवळची आहे.

"मे गुस्तान लास उवास." 'मे' म्हणजे मला. 'गुस्तान' अनेकवचनी, कारण द्राक्षं अनेक. आंबा असेल तर "मे गुस्ता एल मांगो". म्हणजे आवडतात आणि आवडतो, अगदी आपल्यासारखंच. क्रियापद ज्याला आवडतं त्या माणसाकडे बघत नाही, जी आवडते त्या वस्तूकडे बघतं. 'यो गुस्तो' म्हटलं की अर्थ उलटतो: मी (कुणाला तरी) आवडतो. एकदा हे बसलं की याच घरातली बाकीची वाक्यं फुकट मिळतात. 'मे पारेसे के' म्हणजे 'मला वाटतं की'. 'मे दुएलेन लोस पिएस' म्हणजे पाय दुखतायत, आणि इथेही क्रियापद पायांप्रमाणे चालतं. इंग्रजीतून आलेल्या मुलाला हे महिनाभर समजावत बसावं लागतं.

'ला' कुठे लागतो ते आपल्याला आधीच येतं

स्पॅनिशमध्ये कर्म माणूस असेल तर त्याच्याआधी 'आ' येतो. पेपरात हा 'आ' हमखास गळतो आणि तपासणारा हमखास गुण कापतो. पुस्तकात नियम वाचायची गरज नाही, दोन मराठी वाक्यं म्हणा: "मी घर बघितलं." "मी आईला बघितलं." घराला 'ला' नाही, आईला आहे. स्पॅनिशमध्ये 'बी ला कासा', पण 'बी आ मी मादरे'.

आता गंमत बघा. "मी डॉक्टर शोधतोय" आणि "मी डॉक्टरांना शोधतोय". पहिल्यात कुठलाही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात ठरावीक डॉक्टर आहेत, कदाचित ओपीडीतून उठून चहाला गेलेले. स्पॅनिशमध्ये हाच फरक, हुबेहूब: 'बुस्को उन मेदिको' आणि 'बुस्को आल मेदिको'. (शेवटचा 'आल' म्हणजे 'आ' आणि 'एल' एकत्र.) इंग्रजीत हे वेगळेपण क्रियापदाजवळ कुठेच दिसत नाही, म्हणून ती वाट धरली की 'आ' विसरला जातो. पाळीव प्राण्यांनाही हा 'आ' लागतो. आपणही "कुत्र्याला फिरवतो" म्हणतो, "कुत्रा फिरवतो" नाही.

गेलो की जायचो?

भूतकाळाचे दोन प्रकार शिकवले की वर्गात शांतता पसरते. 'फुई' आणि 'ईबा', दोन्हींसाठी इंग्रजी अर्थ एकच लिहिलेला असतो आणि मुलं नाणं उडवल्यासारखं एक निवडतात. इथेही मराठी काढा. "शाळेत असताना श्रावणी सोमवारी त्र्यंबकला जायचो": ईबा. "गेल्या सोमवारी त्र्यंबकला गेलो": फुई. "जात होतो, तेवढ्यात पाऊस आला": पुन्हा ईबा. जायचो आणि जात होतो या दोन्हींसाठी एकच रूप, झालेल्या गोष्टीसाठी दुसरं. एवढ्यावर दहातली सातेक वाक्यं बरोबर येतात.

उरलेल्या तिनांत मराठी फसवते. "मी तीन वर्षं नाशिकला राहत होतो." राहत होतो, म्हणजे 'बिबिया' असणार, असं वाटतं ना? नाही. तीन वर्षं मोजून दिली, काळाला दोन्ही बाजूंनी कुंपण पडलं, की स्पॅनिश 'बिबी' म्हणते, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. मोजलेला काळ दिसला की थांबा, मराठीवर विसंबू नका.

जिथे मराठी पाय ओढते

सगळ्यात वाईट जागा म्हणजे 'आहे'. आपल्याला एक 'आहे' पुरतो, त्यांना दोन लागतात, 'सेर' आणि 'एस्तार'. मुलांना पाठ करवलेलं असतं की कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार. हा नियम मी वर्गात काढूनच टाकलाय. मेलेला माणूस कायमचा मेलेला असतो, तरी स्पॅनिशमध्ये तो 'एस्ता मुएर्तो'. नाशिक काही उद्या महाराष्ट्रातून उठून जाणार नाही, तरी 'नासिक एस्ता एन माहाराश्त्रा'.

त्यापेक्षा हे धरा: ओळख, प्रकार, स्वभाव सांगताय तर सेर. अवस्था किंवा ठिकाण सांगताय तर एस्तार. मिसळीचं उदाहरण चांगलं चालतं. मिसळ तिखट असते: 'एस पिकान्ते' ('एस' हे सेरचं रूप). आजची मिसळ तिखट झालीय, पाणी आणा: 'एस्ता पिकान्ते' ('एस्ता' हे एस्तारचं). 'असते' आणि 'झालीय' या जोडीने बरंच सुटतं, पण "मी विद्यार्थी आहे" इथे ती उपयोगी नाही, तिथे ओळखच सांगतोय, म्हणून 'सोय', म्हणजे सेरचं 'मी'बरोबरचं रूप. आणि 'सोय आबुर्रीदो' म्हणू नका. तुम्हाला म्हणायचं असतं कंटाळलोय, समोरच्याला ऐकू येतं की मी कंटाळवाणा माणूस आहे. म्हणायचं 'एस्तोय आबुर्रीदो', एस्तार वापरून. कार्यक्रमाचं ठिकाण मात्र सेरनेच सांगतात. पार्टी कुठे आहे? 'ला फिएस्ता एस एन मी कासा'. का, ते विचारू नका, पाठ करा.

'खाल्ला-खाल्ली'ची सवयही सोडावी लागते. आपण आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली. स्पॅनिशमध्ये 'कोमी', बस्स, कर्म काहीही असो. विशेषणाला मात्र लिंग असतं. मी बाई, त्यामुळे वर्गात 'एस्तोय कान्सादा' (दमलेय) म्हणते, आणि चार मुलगे वर्षभर माझी नक्कल करत स्वतःला 'कान्सादा' म्हणत होते. ते 'दमले' म्हणत नाहीत, 'दमलो' म्हणतात, मग स्पॅनिशमध्ये 'कान्सादो' का नाही? नामांच्या लिंगाला तर्क शोधू नका. 'ला मानो' (हात) स्त्रीलिंगी, 'एल प्रोब्लेमा' पुल्लिंगी. नाम पाठ करायचं ते आधीच्या 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला'सकट (स्त्रीलिंगी), सुटं नाही.

वय सांगताना जपून

'सोय दिएसिनुएवे' चूक, हे बहुतेकांना कळतं. स्पॅनिशमध्ये वय 'असतं', म्हणजे आपल्याजवळ असतं: 'तेन्गो दिएसिनुएवे आन्योस'. पण लिहिताना 'एन' या अक्षरावरची नागमोडी रेघ विसरली, की 'आन्योस'चं 'आनोस' होतं, आणि मग तुम्ही वर्षांऐवजी एकोणीस गुदद्वारं असल्याचं लेखी कबूल करता. फोनमध्ये स्पॅनिश कीबोर्ड टाकून घ्या, किंवा 'एन' दाबून धरा, रेघेचं अक्षर वर येतं. उच्चाराला आपल्याकडे हक्काचा 'ञ' आहेच.

उच्चारांत इंग्रजीचा वळसा सगळ्यात जास्त ऐकू येतो. मुलं 'टू' म्हणतात. अरे, शब्द 'तू' आहे. उच्चार तोच, अर्थही तोच! त आणि द आपले दंत्य, दातांना जीभ लावून म्हणा. प, त, क यांत फुंकर नको. 'पेरो' (पण) आणि 'पेर्रो' (कुत्रा) यांतला फरक जमत नाही म्हणणाऱ्यांनी "चिमणी भुर्रकन उडाली" दहादा म्हणावं. तो 'र्र' तुमच्या तोंडात लहानपणापासून आहे.

मात्र वहीत सगळं देवनागरीत लिहून ठेवायची सवय पहिल्या महिन्यातच मोडा. वाचता येतं, लिहिता येत नाही. गाईच्या 'बाका'ला आपण 'ब' लावतो, पेपरात तिथे 'व्ही' हवा असतो.

आणि शेवटी ऐकणं, ज्याचा सराव कुणीच करत नाही. भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपवर न चुकता तीनशे दिवसांची साखळी असलेली मुलगी अर्ध्या मिनिटाच्या संभाषणात हरवते, कारण अ‍ॅप शब्द तोडून म्हणतं आणि माणसं जोडून बोलतात. 'लोस आमीगोस' कुणी म्हणत नाही, 'लोसामीगोस' म्हणतात. उपाय कंटाळवाणा आहे: तीस सेकंदांचा ऑडिओ घ्या, ऐका, लिहा, पुन्हा ऐका, सोबतच्या लिखित मजकुराशी ताडून बघा. रोज एकच. स्पेनच्या सेर्वान्तेस संस्थेच्या डेले या स्पॅनिशच्या परीक्षेत वाचन-लेखनाचा एक गट आणि ऐकणं-बोलण्याचा दुसरा, प्रत्येकी पन्नास गुणांचा. दोन्हींत किमान तीस लागतात. वाचनात पैकीच्या पैकी मिळाले तरी दुसऱ्या गटात अठ्ठावीस आले तर नापासच. त्या द्राक्षवाल्या मुलाचं व्याकरण आता ठीक आहे. त्याला मी सध्या फक्त ऑडिओ देते, आणि तो दर रविवारी तक्रार करतो की ही माणसं फार भराभर बोलतात.