कबरस्थानासाठी वर्गणी मागताना

रायगड जिल्ह्यातल्या आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, कबरस्थानांची अडचण साधी आहे: पूर्वज तिथेच, वंशज कुठेच्या कुठे. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर अशी आडनावात गावं राहिली. माणसं मुंबई-ठाण्याला, इस्राएलमधल्या लोदला, दिमोनाला गेली. आमच्या कबरस्थानाच्या वर्गणीचा हिशोब माझ्याकडे असतो, त्यावरून सांगते.

पैसे मागण्याआधी यादी करा. प्रत्येक कबरीला क्रमांक, फोटो आणि दगडावरचा मराठी-हिब्रू मजकूर. सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. पुसट वाटली तर साधं पाणी शिंपडा. ॲसिड, तारेचा ब्रश, ऑइलपेंट लांब ठेवा. जुन्या कबरींवर अक्षरच नसतं, त्यांनाही क्रमांक द्या. मग फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. “समृद्ध वारसा जपूया” वाचून कोणी खिशात हात घालत नाही, पणजीची कबर दिसली की घालतात.

अंदाजपत्रक पाथरवटाकडून घ्या. चुन्यातल्या दगडकामाला चुनाच हवा. सिमेंट स्वस्त पडतं, पण ओल आत कोंडून दगड फोडतं. आणि पावसाळ्यानंतरच्या गवतकापणीचे पैसे वेगळे मागा. त्यासाठी द्यायला कोणालाच आवडत नाही, म्हणून ते आधी मागायचे.

आता कायदा. ट्रस्ट एकाच धर्माच्या समाजासाठी असेल तर ८०-जी, म्हणजे दात्याला आयकरात सवलत देणारी मान्यता, मिळायला अडचण येते. सीएला विचारल्याशिवाय पावतीवर “करसवलत” छापू नका. इस्राएलचा पासपोर्ट घेतलेला सख्खा भाऊसुद्धा कायद्याने परदेशी स्रोत, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. ट्रस्टची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर त्याचा एक शेकेलही घेऊ नका. असेल तर रक्कम आधी दिल्लीत, स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेतल्या खात्यात यायला हवी. भारतीय पासपोर्टवर परदेशी नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेलं चालतं. “मावशीच्या खात्यातून फिरवून देतो” म्हणणाऱ्याला हात जोडा.

खरी भांडणं नावांवरून होतात. कबरीवर दात्याचं नाव कोरायचं नाही, मग रक्कम कितीही असो. तो दगड ज्याचा आहे त्याचाच राहू द्या. “कबर दत्तक घ्या” असंही मी म्हणत नाही. पुढच्या पिढीला ती मालकी वाटते. फाटकाच्या बाहेर एकच फलक लावा, सुवर्ण-रौप्य अशा पायऱ्या न करता. आम्ही नावं गावाच्या आडनावांप्रमाणे लावतो, रोहेकरांखाली सगळे रोहेकर. पाचशेवाला आणि पन्नास हजारवाला शेजारी बसतात. एक-दोघे रुसतात, रुसू देत. या मांडणीमुळे भाऊबंद मात्र एकमेकांना फोन करून “आपलं गाव मागे पडलंय” म्हणतात, आणि पैसे येतात.

फलकापेक्षा मोठा मान सिनेगॉगमध्ये आहे. दात्याने सांगितलेल्या मृताच्या नावाने हश्काबा, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणवून घ्या आणि तारीख आधी कळवा, दूर असलेले फोनवर ऐकतात. ज्यांना नाव नकोच, त्यांची रक्कम वहीत पावती क्रमांकाने लिहा, “एक हितचिंतक” असंही नको, गावात लगेच ओळखतात.

गवत कापून झालं की त्याच कबरीचा त्याच कोनातून फोटो काढा आणि खर्चाच्या पानासोबत पाठवा. पुढच्या वर्षीचं आवाहन त्याच पानाच्या पाठीवर लिहायचं.