पेंटबॉल मार्करची बॉडी घरीच कापून छोटी केली, माझा अनुभव

माझ्या पंप मार्करची (रंगाच्या गोळ्या मारणारी, दर शॉटला हाताने पंप करायची गन) वरची नळी मागे उगाच लांब होती, मास्कला लागायची, म्हणून १२ मिमी उडवायची ठरवली. आधी एअर टँक काढला, आत अडकलेलं प्रेशर सोडलं आणि सगळं सुटं केलं. मग बोल्ट (गोळी पुढे ढकलणारा आतला सरकता दांडा) परत घालून पूर्ण मागे ओढून तो कुठवर येतो तिथे खूण केली, कारण त्याच्या पुढे कापलं की खेळ खल्लास. व्हॉल्व्हकडची खालची नळी, बॅरलचे आटे यांना हातच लावायचा नाही, तिथे प्रेशर आणि अलाइनमेंटचा मामला आहे.

नळीभोवती टेप गुंडाळून सरळ रेघ घेतली, हॅकसॉने रेघेपासून २ मिमी लांबच कापलं आणि उरलेलं कानशीने घासत आणलं, अ‍ॅल्युमिनियम कानशीत फार भरतं, आधी खडू चोळा, बराच फरक पडतो.

माझी चूक म्हणजे आतली कड साफ केली नाही, बोल्ट घालताना ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी रिंग) कापली गेली!! बारीक पॉलिश पेपरने कड गोल केली, कीस धुऊन काढला, नवी ओ-रिंग टाकली. नंतर गॉगल लावून क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) स्पीड बघितला, ३०० एफपीएसच्या (फूट प्रति सेकंद) आत आहे. कापलेल्या जागी अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवरचा रंगीत संरक्षक थर) गेल्यामुळे पांढरी रिंग दिसते, पण मला तर आवडलीय.