तळ्यात औषध पडण्याआधी पंप बंद करा

गोल्फ कोर्सच्या तळ्यातलं तण मारायचं ठरलं की सगळ्यात आधी सिंचनाचा पंप बंद. नुसतं बटण नव्हे, रात्री आपोआप सुरू होणारा टायमरसुद्धा. बहुतेक कोर्सवर हेच पाणी स्प्रिंकलरमधून गवतावर जातं आणि फ्लुरिडोनसारखं तणनाशक पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतं. मागच्या खेपेला टायमर तसाच राहिला आणि नुकतंच बी पेरलेल्या ग्रीनवर, म्हणजे चेंडू टाकायच्या भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, नवी पाती पांढुरकी निघाली. लेबलवर सिंचनबंदीचे दिवस दिलेले असतात, ते मोठ्या अक्षरांत पॅनेलवर चिकटवा आणि पॅनेलला कुलूप लावा. तेवढ्या दिवसांसाठी दुसऱ्या पाण्याची सोय आधीच करा, नाहीतर गवत सुकतंय म्हणून कुणीतरी पंप सुरू करणारच.

मग तण ओळखा. हायड्रिला या पाण्याखाली वाढणाऱ्या तणाच्या पेऱ्यावर बहुधा चार ते आठ पानं गोलाकार लागतात, कडा बोटांना खरखरीत लागतात. तशाच दिसणाऱ्या एलोडियाला बहुतेकदा तीनच पानं असतात आणि ती गुळगुळीत. हायड्रिला कापत सुटू नका, प्रत्येक तुकडा नव्याने रुजतो आणि गाळातले कंद वर्षानुवर्षं जिवंत राहतात. जलपर्णी मात्र खुशाल उपसा, फक्त ढीग काठावर सोडू नका.

पाणी किती आहे ते मोजा, अंदाजावर औषध ओतू नका. वजन बांधलेली दोरी जागोजागी सोडून सरासरी खोली काढा. एक हेक्टर तळं आणि दीड मीटर खोली म्हणजे 15,000 घनमीटर. पाणी गढूळ असेल तर डायक्वाट हे तणनाशक वाया जातं, ते मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं.

सगळं तळं एका दिवसात कधीही फवारू नका. तण कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे मरतात. एका वेळी तिसरा हिस्सा, फार तर अर्धा, मग 10 ते 14 दिवस थांबा. प्राणवायू पहाटे मोजा, तो तेव्हाच सगळ्यात कमी असतो. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर काम पुढे ढकला. आणि दर टप्प्याला पंप पुन्हा तपासा. दर टप्प्याला!

बाकी थोडक्यात. सांडव्याला जाळी लावा. ग्रास कार्प, म्हणजे तण खाणारे मासे, सोडायचे तर परवानगी घेऊन, वंध्यच. होडी धुतल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात नको. काठाचा पट्टा न कापता वाढू द्या, खत काठापासून लांबच टाका.

पंप सुरू करण्याआधी पाण्याचा नमुना तपासून घ्या. बंदीचे दिवस संपले तरीही.