गावच्या तरुण बॉम्बर वैमानिकाचे स्मरण कसे करावे

१९६५ किंवा १९७१ च्या युद्धात बॉम्बफेकी विमान चालवताना वीरमरण आलेल्या आपल्या गावच्या मुलाचे स्मारक करायचे ठरले, की वर्गणीची पावती फाडण्याआधी त्याचे पूर्ण नाव, हुद्दा, सेवा क्रमांक, स्क्वाड्रन, विमानाचा प्रकार आणि मृत्यूची तारीख कागदावर पक्की करावी. आमच्या भागात हवाई दलातल्या फ्लाइंग ऑफिसरचा भूदलातला ‘कॅप्टन’ झालेला एक फलक आहे. त्याची धाकटी बहीण दरवर्षी त्याच फलकाला हार घालते. चूक तिला ठाऊक आहे, पण आता दगड कोण बदलणार, म्हणून ती गप्प राहते. मला ती चूक अजून टोचते.

नोंदी शोधताना जुन्या जिल्ह्यांचे भान ठेवावे. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळे जिल्हे झाले, त्यामुळे १९७१ च्या कागदांत लातूरकडचा मुलगा उस्मानाबादचा आणि हिंगोलीचा मुलगा परभणीचा म्हणून शोधावा लागतो. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करावा आणि नवी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातील त्यागचक्रावर नाव कसे कोरले आहे, तेही पडताळावे. वैमानिक दुसऱ्या महायुद्धातील असेल, तर महायुद्धांतील मृत सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे पाहावे.

तारखेची बाब नाजूक आहे. त्या युद्धांतली कॅनबेरा ही बॉम्बफेकी विमाने बहुधा रात्री निघत आणि मध्यरात्र उलटून परतत, म्हणून कागदावर एक तारीख आणि घरच्यांच्या तोंडी दुसरी, असे होऊ शकते. घरात श्राद्ध तिथीने होत असेल, तर जुने पंचांग काढावे. ३ ते १६ डिसेंबर १९७१ हे सगळे युद्ध मार्गशीर्ष वद्यात झाले. पौर्णिमा २ तारखेला होऊन गेली होती, त्यामुळे पहिल्या रात्री विमाने उडाली ती जवळजवळ पूर्ण चंद्राच्या उजेडात, आणि इकडे शिवारात रब्बीची ज्वारी निसवायला आली असेल.

खरा ठेवा घरातल्या पत्र्याच्या पेटीत असतो. आंतर्देशीय पत्रे उघडताना घडीवर जोर देऊ नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि फोटो लॅमिनेट करू नयेत. सावलीत, स्वच्छ कोरड्या हातांनी एकेक पान स्कॅन करून मूळ कागद घरीच परत द्यावेत. उड्डाणांची नोंदवही मिळाली, तर तिच्यापाशी वेळ काढून बसावे. रात्रीची उड्डाणे लाल शाईने लिहिण्याची हवाई दलात जुनी पद्धत आहे. पानामागून पान उलटत गेले, की एका पोराच्या हस्ताक्षरात तासांची बेरीज वाढत जाते आणि मग पुढची पाने कोरी लागतात. त्या शेवटच्या लिहिलेल्या पानाचा फोटो अवश्य घ्यावा.

बहिणीला किंवा वहिनीला ‘अभिमान वाटतो का’ असे विचारू नये. सुट्टीवर आला की तो आधी कुणाच्या ओट्यावर बसायचा, हुरड्याला कोण कोण असायचे, तार कुणी वाचून दाखवली, असे विचारावे आणि उत्तर त्यांच्याच बोलीत, ‘लेकरू’ असेल तिथे ‘लेकरू’च, उतरवावे. सरकारी कागदात तो ‘बेपत्ता’ असेल आणि घरच्यांनी मृत्यू मानला नसेल, तर फलकावर ‘वीरमरण’ कोरण्याआधी त्यांची संमती घ्यावी.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. बॉम्बर विमानात वैमानिक एकटा नसे. कॅनबेराच्या बी(आय)-५८ या प्रकारात इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, फक्त वैमानिकाला होती. नॅव्हिगेटरला, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या सहकाऱ्याला, बाजूच्या दारातून उडी घ्यावी लागे. तेव्हा दगड घडवायला देताना आपल्या मुलाच्या नावाखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, त्याच्या नॅव्हिगेटरचे नाव कोरून घ्यावे आणि त्याचे घर केरळात असो की पंजाबात, पत्ता शोधून कार्यक्रमाचे पहिले निमंत्रण तिकडे पाठवावे.