नेरळहून माथेरानची छोटी गाडी पकडायची असेल तर

मुंबईहून येताना कर्जत किंवा खोपोली लोकलच धरा. बदलापूर लोकल नेरळच्या अलीकडेच संपते. दोन फूट रुंदीच्या रुळांवर ही गाडी सुमारे २१ किलोमीटरचा घाट चढायला अडीच तासांहून जास्त घेते. डबे मोजकेच, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिकीट खिडकी उघडण्याआधीच रांगेत उभे राहा.

साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो, कारण पावसात दरडी कोसळतात आणि रुळांखालची खडी वाहून जाते. तेव्हा स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका गाठा. तिथून अमन लॉज स्थानक जवळच आहे आणि माथेरानपर्यंतची शटल सहसा पावसाळ्यातही चालू असते. सामान कमी ठेवा, पुढे मोटारी नेता येत नाहीत.